टॉमस आणि नॅन्सी : सरहद्दीवरच्या एका शेतकरी जोडप्याचा माग



आजच्या विषयाची सुरुवात मी एका फ्रेमपासून करतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली आहे. शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीत, कुणाच्या घरी दिवाणखान्यात. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. वसंत बापटांनी ते इतक्या सुंदर मराठीत आणलं की आपल्याकडे लिंकन म्हटलं की आधी ते पत्र आठवतं आणि मग गुलामगिरीचं युद्ध.

आता अडचण अशी की लिंकनच्या जपून ठेवलेल्या, छापल्या गेलेल्या कागदांमध्ये हे पत्र कुठेच नाही. त्याने ते लिहिल्याचा पुरावा नाही. पत्रातला विचार चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जगात ज्या माणसाचा एकेक कागद शोधून काढला गेला, त्याच्याबद्दल आपल्याला सर्वांत जास्त ठाऊक असलेली गोष्टच कागदावर टिकत नाही, हे गमतीचं आहे. (हशा)

आज मी लिंकनबद्दल बोलणार नाहीये. त्याच्या आईवडिलांबद्दल बोलणार आहे. टॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स. केंटकीतलं एक शेतकरी जोडपं. जंगल तोडायचं, मका पेरायचा, डुकरं पाळायची, जमेना म्हणून गाशा गुंडाळायचा आणि पुढे सरकायचं, अशा हजारो जोडप्यांपैकी एक. मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला नसता तर यांचा शोध कुणी घेतला नसता. तो झाला, म्हणून गेली दीडशे वर्षं लोक त्यांच्या मागावर आहेत. त्यामुळे एक चांगली सोय झाली. साध्या, जवळपास निरक्षर माणसांचा इतिहास किती सापडू शकतो आणि कुठे जाऊन थांबतो, हे पाहायला यांच्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

वडिलांच्या बाजूने सुरुवात करू, कारण ती सोपी आहे. का सोपी आहे, ते पुढे लक्षात येईल.

१८४८ साली अब्राहम लिंकन काँग्रेसचा सभासद म्हणून वॉशिंग्टनला होता. तेव्हा त्याने आपल्या घराण्याबद्दल थोडा पत्रव्यवहार केला. एक पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावच्या सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थांशी. दुसरा व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतल्या डेव्हिड लिंकनशी. त्याला स्वतःला फार थोडं ठाऊक होतं. आजोबांचं नाव अब्राहमच, ते रॉकिंगहॅमहून केंटकीला आले, त्याआधीची माणसं पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीतली आणि क्वेकर पंथाची. बस्स. न्यू इंग्लंडमधल्या लिंकनांशी आपलं काही नातं लागतं का, तर नावं सारखी दिसतात एवढंच, असं त्याने १८५९ च्या आपल्या छोट्या आत्मवृत्तात नोंदवलंय. दोन्हीकडे मॉर्डेकाय, दोन्हीकडे अब्राहम, आयझॅक, जेकब.

हे नावांचं साम्य म्हणजे पुरावा नाही, पण इशारा आहे. आपल्याकडेसुद्धा आजोबांचं नाव नातवाला देतात, त्यामुळे एका घरात दोनच नावं आलटून पालटून येत राहतात. वंशावळ लावणाऱ्याला त्याचा उपयोगही होतो आणि घोटाळाही होतो.

पुढे संशोधकांनी जे केलं ते असं. बायबलमधली नावं बाजूला ठेवली आणि जमिनीचे कागद काढले. मृत्युपत्रं, खरेदीखतं, करपट्टीच्या याद्या. त्यातून साखळी जुळली. इंग्लंडमधल्या नॉरफकमधल्या हिंगम गावचा सॅम्युएल लिंकन, विणकराकडे उमेदवारी करणारा पोरगा, १६३७ साली मॅसॅच्युसेट्सला आला. त्याचा मुलगा मॉर्डेकाय. त्याचा मुलगा पुन्हा मॉर्डेकाय, तो न्यू जर्सीतून पेनसिल्व्हेनियात सरकला आणि १७३६ साली वारला. त्याचा मुलगा जॉन, तो व्हर्जिनियात उतरला. जॉनचा मुलगा अब्राहम, म्हणजे आजोबा. त्यांचा मुलगा आपला टॉमस, जन्म १७७८.

बघा, सात पिढ्यांमध्ये कुटुंब मॅसॅच्युसेट्सपासून न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, केंटकी, इंडियाना आणि इलिनॉय इतकं सरकलं. जवळपास प्रत्येक पिढी नव्या जमिनीकडे. आणि प्रत्येक पिढीची साक्ष आपल्याला मिळते ती जमीन घेताना किंवा विकताना. माणूस जन्मला, हसला, रडला याची नोंद नाही. जमिनीला हात लावला की नोंद.

आता आजोबांचा मृत्यू. ही घटना लिंकन घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जायची. आजोबा शेतावर काम करत होते. बरोबर तीन मुलं, मॉर्डेकाय, जोसाया आणि सर्वांत धाकटा टॉमस. झाडीतून गोळी आली, आजोबा पडले. जोसाया मदत आणायला धावला, मॉर्डेकाय घराकडे पळाला, भिंतीवरची बंदूक घेतली. बापाच्या प्रेताशेजारी उभ्या असलेल्या लहानग्या टॉमसला धरायला एक मूलनिवासी योद्धा पुढे आला, तेव्हा मॉर्डेकायने नेम धरून त्याला मारलं. म्हणून टॉमस वाचला. म्हणून पुढचं सगळं झालं.

आता यात कागद काय म्हणतो? लिंकनने लिहिलंय की आजोबा १७८१ किंवा ८२ च्या सुमारास केंटकीत आले आणि वर्षा-दोन वर्षांत मारले गेले. पण अभिलेखांतून साल निघतं १७८६. म्हणजे घरातल्या आठवणीत दोन-तीन वर्षांची चूक. तुम्ही म्हणाल, दोन-तीन वर्षांनी काय बिघडतं?

बिघडत नाही, पण १७८६ हे साल फार बोलकं आहे. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता. व्हर्जिनियात जुना इंग्रजी कायदा चालू होता की मृत्युपत्र न करता माणूस गेला तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. १७८५ साली हा कायदा बदलला, सगळ्या मुलांना सारखा वाटा ठरला. पण नवा कायदा लागू झाला १ जानेवारी १७८७ पासून. आजोबा गेले मे १७८६ मध्ये. जेमतेम सात-आठ महिन्यांचं अंतर!

आजोबांच्या नावावर केंटकीत हजारो एकरांचे दावे होते. वारस ठरला थोरला मॉर्डेकाय. आणि आठ वर्षांचा टॉमस पुढे मोलमजुरी करत वाढला. आता सांगा, टॉमस लिंकनची गरिबी ही त्याच्या स्वभावातून आली, की एका तारखेतून? चरित्रकारांनी पुढे त्याला आळशी, भटक्या, धरसोड करणारा म्हणून रंगवलं. मुलगा जितका मोठा दाखवायचा तितका बाप खुजा दाखवायचा, ही चरित्रलेखनाची जुनी खोड आहे. मुलाने स्वतःही मदत केली म्हणा. आपल्या बापाला शिक्षण असं काही मिळालंच नाही, सही तेवढी कशीबशी करायचा, असं त्याने लिहून ठेवलंय. १८५१ च्या जानेवारीत टॉमस वारला, तेव्हा लिंकन अंत्यविधीलाही गेला नाही.

मग १९२० च्या दशकात लुई वॉरन नावाचा संशोधक हार्डिन काउंटीच्या आणि आजूबाजूच्या कचेऱ्यांमध्ये बसला. तिथले कागद चाळले. आणि त्यातून वेगळाच टॉमस बाहेर आला. मिलिशियात होता. ज्यूरीवर बसायचा. कैद्यांवर पहारा द्यायचं काम केलंय. एका रस्त्याच्या देखभालीवर त्याची नेमणूक झालीय. कर वेळेवर भरलाय. १८१४ च्या करयादीत ९८ मालमत्ताधारकांत त्याचा क्रमांक १५ वा लागतो. सुतारकाम चांगलं करायचा. त्याने केलेली म्हणून सांगितली जाणारी कोपऱ्यात ठेवायची कपाटं आजही पाहायला मिळतात. आणि आणखी एक गंमत. फेएट काउंटीत टॉमस लिंकन नावाचाच त्याचा एक चुलता होता, ज्याचे कोर्टकज्जे वेगळे. एका नावाच्या दोन माणसांची पापपुण्यं एकत्र झाली तर कुणाच्या खात्यावर काय जाईल, सांगता येत नाही.

आता जमिनीकडे येऊ. कारण टॉमसची खरी गोष्ट जमिनीची आहे.

१८०३ साली त्याने मिल क्रीकवर २३८ एकर विकत घेतले, ११८ पौंडांना. १८०८ च्या डिसेंबरात सिंकिंग स्प्रिंगची सुमारे ३०० एकर जमीन घेतली, २०० डॉलर रोख मोजून. इथेच १२ फेब्रुवारी १८०९ ला अब्राहम जन्मला. दोन वर्षांनी नॉब क्रीकवर काही एकर कसायला घेतले. म्हणजे एका वेळी तीन जमिनींशी संबंध. आणि तिन्हींनी त्याला रडवलं.

मिल क्रीकच्या मोजणीत चूक निघाली. विकायला गेला तेव्हा २३८ ऐवजी २०० एकरच धरले गेले, आणि जमीन १०० पौंडांना गेली. सिंकिंग स्प्रिंगवर मागच्या एका मालकाचं देणं होतं, ते कोर्टात गेलं आणि जमीन हातची गेली. नॉब क्रीकवर फिलाडेल्फियातल्या एका घराण्याने दहा हजार एकरांचा जुना दावा पुढे केला आणि तिथे राहणाऱ्या शेतकऱ्यांवर निष्कासनाचे खटले भरले. टॉमस त्यातला एक प्रतिवादी.

हे असं का व्हायचं? केंटकीत आधी सरकारी मोजणी नव्हती. ज्याने त्याने येऊन आपल्या खुणा सांगायच्या. अमुक पांढऱ्या ओकच्या झाडापासून तमुक ओढ्याच्या वळणापर्यंत, तिथून त्या दगडापर्यंत. आपल्या जुन्या खतांमध्ये चतुःसीमा असते ना, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, तसलाच प्रकार, पण गाव नाही, पाटील नाही, पिढ्यांची वहिवाट नाही. झाड वठलं, ओढा सरकला, की भांडण सुरू. एकाच जमिनीवर तीन-तीन दावे, कौलांसारखे एकावर एक चढलेले. ज्याच्याकडे वकील, त्याची जमीन.

१८१६ च्या डिसेंबरात टॉमसने केंटकी सोडलं आणि ओहायो नदी ओलांडून इंडियानात गेला. लिंकनने याची दोन कारणं दिलीत. काही अंशी गुलामगिरी आणि मुख्यतः जमिनीच्या मालकीहक्काची कटकट. आपण पहिलं कारण उचलतो, कारण ते मुलाच्या पुढच्या आयुष्याला शोभतं. मुलगा स्वतः मात्र दुसऱ्याला मुख्य म्हणतो. अर्थात पहिलंही खोटं नाही. १८११ च्या हार्डिन काउंटीच्या करयादीत १,००७ गुलाम दाखवलेत, आणि १६ वर्षांवरचे गोरे पुरुष १,६२७. हाताने राबणाऱ्या गोऱ्या शेतकऱ्याला अशा ठिकाणी काय भाव मिळणार?

इंडियानात काय वेगळं होतं? १७८५ च्या कायद्याने संघराज्य सरकारने आधी मोजणी करायची, मग विक्री, अशी पद्धत आणली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौरस. त्याचे ३६ भाग. प्रत्येक भाग ६४० एकरांचा. त्याचा चतकोर १६० एकर. मोजायला ६६ फुटांची गंटरची साखळी. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या मोजणीत जी ३३ फुटांची साखळी वापरली, ती बरोबर तिच्या निम्मी. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. म्हणजे इंडियानातलं टॉमसचं शेत आणि पुणे जिल्ह्यातलं आपलं शेत यांचं माप एकाच इंग्रजी हिशेबातून आलंय.

टॉमसने १८१७ च्या ऑक्टोबरात व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत जाऊन १६ डॉलर भरले, डिसेंबरात ६४. दर एकरी दोन डॉलर, म्हणजे एकूण ३२० पैकी पाव हिस्सा. उरलेले काही जमेनात. शेवटी १८२७ साली त्याने अर्धी जमीन सरकारला परत केली आणि उरलेल्या ८० एकरांचा निर्वेध कागद मिळवला. १६० ची ८० झाली. पण ही ८० त्याची. कुणाचा दावा नाही, कुणाचं झाड नाही. आयुष्यभर जमीन गमावलेल्या माणसाच्या दृष्टीने हा व्यवहार किती मोठा असेल, याचा विचार करा.

आणि हेही सांगायला हवं की तो कागद निर्वेध झाला कसा. त्या भागाची जमीन सरकारकडे आली ती १८०४ मध्ये डेलावेअर आणि पियांकशॉ लोकांशी केलेल्या करारांतून. टॉमसच्या बापाला गोळी घालणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याचा बाप कोण, त्याची जमीन कुठली होती, कुणी विचारलं नाही. करयादीतल्या १,००७ जणांचाही आकडाच आहे. तेव्हा टॉमसचा कागद सापडला म्हणून आनंद मानताना, त्याच यादीतले इतर कसे नोंदले गेले, ते डोळ्याआड करू नये.

आता नॅन्सीकडे.

आतापर्यंत मी बोललो त्यात नॅन्सी किती आली? जवळपास नाहीच. हाच तिचा इतिहास आहे. तिचं चित्र नाही, फोटो नाही, पत्र नाही. जमिनीच्या कागदावर ती आहे ती अंगठ्यासारख्या एका फुलीने. नवऱ्याने जमीन विकली तेव्हा बायकोची संमती लागायची, म्हणून ती फुली.

पहिला वाद तिच्या लग्नाचा. लिंकन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर विरोधकांनी कुजबुज सुरू केली की याच्या आईबापाचं लग्नच झालेलं नव्हतं. चाहते हार्डिन काउंटीत शोधायला गेले, कारण जोडपं तिथे राहिलं होतं. टॉमसच्या दुसऱ्या लग्नाची, १८१९ ची नोंद सापडली. पहिल्याची नाही. लिंकन गेला, तरी नाही. शेवटी १८७८ साली ती सापडली, शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या कचेरीत. १० जून १८०६ चा विवाहाचा जामीनकतबा, ५० पौंडांचा, त्यावर टॉमसची आणि नॅन्सीचा पालक म्हणून रिचर्ड बेरीची सही. आणि रेव्हरंड जेसी हेड यांनी १२ जूनला लग्न लावल्याची नोंद.

इतकी वर्षं सापडत नव्हती, कारण लोक नवऱ्याच्या गावात शोधत होते. लग्न मुलीकडे लागतं हो! (हशा) आपल्याकडच्या कुठल्याही आजीने हे पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं.

दुसरा वाद जास्त अवघड. नॅन्सीची आई कोण?

लिंकनचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन. त्याने लिंकनच्या मृत्यूनंतर लगेच जुन्या माणसांना गाठून, पत्रं लिहून साक्षी गोळा केल्या. आपण आज ज्याला मौखिक इतिहास म्हणतो, त्याचं ते मोठंच काम. हर्नडनने सांगितलं की १८५० च्या सुमारास घोडागाडीतून कोर्टाला जाताना लिंकन त्याला म्हणाला होता, की आपली आई ही लूसी हँक्सची लग्नाआधीची मुलगी, आणि तिचा बाप व्हर्जिनियातला कुणी खानदानी जमीनदार. एकाच माणसाने ऐकलेलं, तेही खूप वर्षांनी सांगितलेलं. १८८९ मध्ये ते छापलं गेलं आणि गदारोळ झाला.

राष्ट्रपुरुषाची आजी अशी कशी असेल? मग पर्यायी आजी शोधणं सुरू झालं. १७९३ साली जोसेफ हँक्स नावाच्या शेतकऱ्याने केंटकीत मृत्युपत्र केलं होतं. त्यात नॅन्सी नावाच्या मुलीचा उल्लेख सापडला. झालं! हीच लिंकनची आई, रीतसर बापाची रीतसर मुलगी, असं एक पुस्तक १८९९ मध्ये आलं. पण ही नॅन्सी दुसरी निघाली. ती लिंकनच्या आईची मावशी. हँक्स घराण्यात नॅन्सी नावाच्या बायकांची कमतरता नव्हती. मग दुसरा पक्ष आला. लूसी ही मुळात शिपली घराण्यातली, जेम्स हँक्सची लग्नाची बायको, विधवा झाली, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी तर्क चांगला होता, कागद मात्र नव्हता.

लूसीबद्दल कागद आहे तो वेगळा. १७८९ साली मर्सर काउंटीच्या ग्रँड ज्यूरीने तिच्या वर्तनाबद्दल आरोपपत्र ठेवलं. पुढच्या वर्षी हेन्री स्पॅरोशी लग्नाचा परवाना निघाला, आणि त्या वेळी आपण सज्ञान असल्याचं तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलं. लक्षात घ्या, स्वतःच्या हाताने. जिच्या चारित्र्यावर शंभर वर्षं पुस्तकं लिहिली गेली, ती बाई सरहद्दीवरच्या त्या काळात लिहू शकत होती. तिची लेक मात्र फुली करायची. लेक तिच्याजवळ वाढली नाही, नातेवाइकांकडे वाढली.

२०१५ साली या वादात विज्ञान आलं. आईकडून मुलांना जाणारा एक जनुकीय वारसा असतो, मायटोकाँड्रियल डीएनए. आई, तिची आई, तिची आई, असा तो सरळ वर जातो. बापाचा त्यात भाग नाही. अभ्यासकांनी हँक्स आणि शिपली या दोन्ही बाजूंच्या, फक्त मुलींमार्फत आलेल्या आजच्या वंशजांच्या चाचण्या केल्या. लूसीच्या पुढच्या मुलींचा वारसा हँक्सकडच्या बहिणींशी जुळला. शिपलींशी नाही. शिवाय तो प्रकार दुर्मीळ, त्यामुळे योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

म्हणजे लूसी ही हँक्सांचीच लेक. शिपली बाजू पडली. हर्नडनचं बरंचसं म्हणणं उभं राहिलं. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. नॅन्सीची स्वतःची चाचणी यात नाही. ती होऊच शकत नाही. का, ते शेवटी सांगतो.

इंडियानात गेल्यावर दुसऱ्या वर्षी, १८१८ च्या शरद ऋतूत, त्या वस्तीत दुधाचा आजार आला. जंगलात वाढणारी एक पांढऱ्या फुलांची वनस्पती गाईंनी खाल्ली की तिचं विष दुधात उतरतं. माणसाला थरथर, उलट्या, आणि आठवड्याभरात शेवट. तेव्हा कुणाला कारण ठाऊक नव्हतं. नॅन्सीचे नातेवाईक टॉमस आणि एलिझाबेथ स्पॅरो आधी गेले. ५ ऑक्टोबरला नॅन्सी गेली. वय ३४. शवपेटी नवऱ्यानेच तयार केली. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा नऊ. कबरीवर नावाचा दगड नव्हता. आज जो दगड आहे तो १८७९ चा, ६१ वर्षांनंतर बसवलेला, तोही अंदाजाने ठरवलेल्या जागेवर.

याच्या उलट, हॉजेनव्हिलला संगमरवर आणि ग्रॅनाइटचं एक भव्य स्मारक आहे. आत लाकडी ओंडक्यांची खोली ठेवलीय, लिंकन जन्मला ती म्हणून. २००४ मध्ये त्या ओंडक्यांची वर्तुळं मोजली. झाडं तोडलेली निघाली १८४८ च्या सुमारास! (हशा) म्हणजे मुलगा काँग्रेसमध्ये बसून पूर्वजांबद्दल पत्रं लिहीत होता, त्या वर्षाची. आता तिथे तिला जन्मघराचं प्रतीक म्हणतात.

खोटी खोली संगमरवरात आणि खऱ्या बाईची कबर अंदाजाने. माझ्या मते यात कुणाची बदमाशी नाही. लोकांना हात लावायला काहीतरी हवं असतं. हेडमास्तरांचं पत्र त्याच गरजेतून भिंतीवर येतं.

आता शेवट. टॉमस आणि नॅन्सीला तीन मुलं. धाकटा टॉमस तान्हेपणी गेला. सारा १८२८ मध्ये बाळंतपणात गेली, मूलही गेलं. राहिला अब्राहम. त्याच्या चार मुलांपैकी एकच, रॉबर्ट, संसाराला लागला. रॉबर्टचा नातू रॉबर्ट टॉड लिंकन बेकविथ १९८५ च्या डिसेंबरात वारला, आणि वंश संपला.

म्हणून नॅन्सीची चाचणी होऊ शकत नाही. तिची लेक निपुत्रिक गेली, तिथेच तो धागा तुटला. जिच्यासाठी इतक्या कचेऱ्या धुंडाळल्या, त्या बाईचा आज जगात कुणी थेट वंशज उरलेला नाही. वंशावळ बहुतेक लोक शोधतात ती आपण कुणाचे आहोत हे सांगण्यासाठी. इथे 'आम्ही यांचे' असं म्हणणारा कुणी नाही. तरी शोध चालूच आहे. आणि मला वाटतं, तो जास्त चांगला चाललाय, कारण आता कुणाच्या घराण्याची अब्रू त्यात अडकलेली नाही. लूसी हँक्स जशी होती तशी राहू शकते. टॉमस जसा होता तसा.

इथे थांबतो. 

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी एक.)

प्रश्न : आपल्या घराण्याचा असा शोध घ्यायचा तर कुठून सुरुवात करावी, सर?

उत्तर : जमिनीपासून. सातबारा, मग जुने फेरफार, मग जुनी खरेदीखतं. मोडी वाचता येत नसेल तर शिका, काही महिन्यांचं काम आहे. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. पण त्याआधी एक करा. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईसमोर बसा आणि तिला विचारा, तुझ्या आईचं माहेरचं नाव काय, आणि तिच्या आईचं? बहुतेक ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाला गाडी थांबेल. सांगेल ते आजच्या आज लिहून ठेवा. नंतर कागदाशी ताडून पाहता येईल. बाई गेल्यावर नुसत्या कागदाला विचारता येत नाही.